वाचनालयाच्या संकेतस्थळावर वाचकालाही लिहू द्या

आपल्याकडच्या वाचनालयाचं संकेतस्थळ एकदा तयार झालं की वर्षानुवर्षं तसंच राहतं. संस्थेचा इतिहास, कार्यकारी मंडळाचे फोटो, वर्गणी आणि अनामतीचे दर, व्याख्यानमालेचं जुनं निमंत्रण, आणि कुठेतरी खाली ग्रंथसूची. वाचक तिथे एकदा जातो, पुस्तक आहे की नाही पाहतो, आणि परत फिरकत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या वाचनालयांनी आता या संकेतस्थळाचा एक भाग विकी म्हणून सभासदांसाठी खुला करावा, असं माझं म्हणणं आहे. विकी म्हणजे ज्या पानावर वाचणाऱ्यालाही लिहिता येतं, दुरुस्ती करता येते, आणि कुणी काय बदललं याची नोंद आपोआप राहते असं संकेतस्थळ. विकिपीडियामुळे हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. पण ते तंत्र विकिपीडियाच्या मालकीचं नाही. वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिला विकी १९९५ साली सुरू केला तो प्रोग्रॅमर मंडळींना आपसातला अनुभव लिहून ठेवता यावा म्हणून. विकिपीडिया त्यानंतर सहा वर्षांनी आला. आपल्या वाचनालयांची गरज त्या पहिल्या विकीच्या जास्त जवळची आहे.

ही गरज मला एका तालुक्याच्या वाचनालयात दिसली. देवघेवीच्या टेबलाशी जत तालुक्यातली एक मुलगी आली होती. एम.ए.चा प्रकल्प, विषय १९७२चा दुष्काळ. संगणकात ‘दुष्काळ’ शब्द घातल्यावर जी पुस्तकं आली ती शासकीय धोरणावरची निघाली. ग्रंथपाल बाई काही न बोलता उठल्या आणि आतल्या कपाटातून एका सहकारी संस्थेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका घेऊन आल्या. पानं पिवळी, पिना गंजलेल्या. आरंभी अध्यक्षांचं मनोगत, मान्यवरांचे शुभसंदेश, ताळेबंद, जाहिराती. आणि त्यांच्या मधोमध दोन लेख. एक खडी फोडण्याच्या कामावर मुकादम असलेल्या माणसाचा, दुसरा मुलांना सुकडी वाटणाऱ्या शिक्षिकेचा. कामावर हजेरी कशी लागायची, आठवड्याच्या मजुरीत किती धान्य यायचं, जनावरं कुठल्या गावाकडे हाकलली, सगळं त्यात होतं. दाखल नोंदवहीत त्या स्मरणिकेपुढे एवढंच लिहिलेलं: ‘स्मरणिका, भेट’.

त्या मुलीचं काम झालं, कारण त्या दिवशी त्या बाई रजेवर नव्हत्या. त्या निवृत्त झाल्या की पुढच्या मुलीला शासकीय धोरणावरची पुस्तकं घेऊन परत जावं लागेल. यात सूचीचा दोष नाही. सूचीचं काम पुस्तकाचं नाव, लेखक, विषय आणि कपाटातली जागा सांगणं. पुस्तकाच्या पोटात काय आहे, ते कुणाला कशासाठी उपयोगी पडलं, कुठल्या पानावरचा मजकूर दुसऱ्या कुठल्या पुस्तकाशी जोडून वाचावा, हे सूचीत मावत नाही. ते आजवर ग्रंथपालाच्या डोक्यात राहत आलं. वाचकाचा वेळ वाचवा, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ सालच्या पाच सूत्रांपैकी चौथा नियम. आपल्याकडे तो अजून एकेका माणसाच्या स्मरणशक्तीवर चालला आहे.

आता त्या वाचनालयाच्या विकीवर ‘१९७२चा दुष्काळ’ नावाचं पान आहे असं समजा. वर दोन-चार ओळींत विषय. खाली त्या स्मरणिकेतल्या दोन लेखांची नावं, पानं, कपाट क्रमांक. पुढे कुणी माणदेशातल्या एखाद्या आत्मचरित्रातलं प्रकरण नोंदवलं आहे. कुणी एखाद्या दिवाळी अंकातला लेख. एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलं आहे की मुकादमाच्या लेखात ज्या तलावाचं काम म्हटलं आहे तो गावाच्या पूर्वेचा, आणि त्याच्या भिंतीचा फोटो अमुक शाळेच्या अहवालात आहे. पुढच्या वर्षी तीच मुलगी स्वतःच्या प्रकल्पाची प्रत वाचनालयात देते आणि तिचाही दुवा त्या पानावर चढतो. यातली एकही नोंद मोठी नाही. पण ती करणारा माणूस गेला तरी नोंद मागे राहते, आणि पुढचा वाचक तिथून पुढे चालू लागतो.

सातारा-सांगलीला याची गरज इतर ठिकाणांहून जास्त आहे, आणि त्याचं कारण आपल्या सरहद्दींत आहे. १९४३ ते १९४६ या काळातलं प्रतिसरकार आपण साताऱ्याचं म्हणतो. क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे. ते गाव आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे. चळवळीचं केंद्र असलेलं कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, पण तेव्हा औंध संस्थानात. संस्थानची राजधानी औंध मात्र आजच्या सातारा जिल्ह्यात. १९४३ साली शेणोलीजवळ रेल्वेवर छापा पडला, ते शेणोली कराड तालुक्यातलं. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे एकाच विषयाचे कागद ‘सातारा’, ‘दक्षिण सातारा’, ‘सांगली’ आणि ‘औंध संस्थान’ अशा चार नावांखाली विखुरले आहेत. तासगाव, वाळवा, खानापूर या तालुक्यांची माहिती १८८५च्या गॅझेटिअरमध्ये साताऱ्याच्या खंडात सापडते; सांगलीचं स्वतंत्र गॅझेटिअर १९६९चं. सांगलीचा विद्यार्थी साताऱ्याच्या खंडाकडे जाणार तरी कसा, कुणी सांगितल्याशिवाय?

त्यात लेखनाची भर. कराड आणि कऱ्हाड, तासगाव आणि तासगांव, वाळवा आणि वाळवे. माणसाला हे एकच गाव, संगणकाला दोन. इस्लामपूर आता ईश्वरपूर झालं, पण आधीची सगळी छापील पुस्तकं इस्लामपूर म्हणतात आणि तशीच राहणार. विकीत यावर फार सोपा उपाय आहे. एका नावाचं पान उघडलं की ते दुसऱ्या नावाच्या पानाकडे वळवता येतं. त्याला पुनर्निर्देशन म्हणतात. वाचकानं कुठलंही नाव टाकावं, त्याला पोचायचं तिथेच तो पोचेल. असं एक पान करायला दोन मिनिटं पुरतात. मात्र ते कुणी करायचं? ज्याला ‘दक्षिण सातारा’ हे नाव आठवतं त्यानं. असे लोक आज सत्तरीच्या पुढे आहेत. वाचनालयात सकाळी सकाळी वर्तमानपत्रं वाचायला येतात तेच.

महापुरानं तर हे काम पुढे ढकलण्याची सवलतच काढून घेतली आहे. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. सांगली नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकं भिजून गेली. सांगलीनं त्याआधी २००५चा पूर पाहिला होता, त्यानंतर २०२१चा पाहिला. छापलेलं पुस्तक दुसरीकडून मिळवता येतं. पण एखाद्या बाडात कोणत्या घराण्याची पत्रं होती, त्याची नक्कल कुणाच्या घरी आहे, एखाद्या जुन्या अंकाची दुसरी प्रत मिरजेत, कराडात की वाईत आहे, हे कुठेच लिहिलेलं नसेल तर नेमकं काय गेलं हेसुद्धा कळत नाही. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातली पत्रं आयुष्यभर वाचून, लावून छापली, म्हणून आज ती अभ्यासकाच्या हाती आहेत. तेवढ्या ताकदीचा माणूस प्रत्येक गावाला मिळत नाही. पण शंभर सभासदांनी आपल्याला ठाऊक असलेलं एकेक पान लिहिणं कुठल्याही गावाला शक्य आहे. आणि विकीची प्रत पुराच्या पाण्यापासून लांब, दोन-तीन ठिकाणी ठेवता येते.

हे कुणी आधी करून पाहिलं आहे का, असं कार्यकारी मंडळात कुणीतरी विचारतंच, आणि विचारावंही. अमेरिकेत २००५च्या सुमारास ग्रंथालयांनी विकीचा बराच प्रयोग केला. इंडियानातल्या सेंट जोसेफ काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयानं आपली विषयवार मार्गदर्शक पानं विकीवर बांधली. ओहायो विद्यापीठाच्या ग्रंथालयानं व्यापार-उद्योगाच्या संदर्भांसाठी बिझ विकी काढला. मेरेडिथ फार्कस या ग्रंथपाल बाईंनी ग्रंथपालांनी एकमेकांचे अनुभव लिहावेत म्हणून ‘लायब्ररी सक्सेस’ नावाचा विकी सुरू केला. पुढे या लाटेतले कित्येक विकी ओस पडले आणि बऱ्याच ग्रंथालयांनी विकत मिळणारी तयार साधनं घेतली. माझ्या मते याचं कारण सरळ आहे: तिथली पानं बहुतांशी ग्रंथपालांनीच ग्रंथपालाच्या नजरेनं लिहिली. कुठला डेटाबेस कसा वापरावा, कुठला कोश कुठे आहे. वाचकाकडे त्यात घालण्यासारखं फारसं नव्हतं. याउलट कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस या छोट्या विद्यापीठाच्या गावी २००४ साली दोन विद्यार्थ्यांनी गावाचाच विकी सुरू केला आणि त्यात गावातल्या हॉटेलांपासून झाडांपर्यंत सगळं लोकांनी लिहिलं, कारण गाव प्रत्येकाला ठाऊक होतं. या दोन अनुभवांतून मी घेतो ते हे: आपला विकी वाचनालयाच्या साठ्याला बांधलेला असावा, पण त्याचे विषय गावाचे असावेत. मिरजेतले तंतुवाद्य करणारे कारागीर, विष्णुदास भाव्यांपासूनचं सांगलीचं नाटक, हळदीची पेवं, आटपाडीच्या पाणी परिषदा, येरळेवर लोकांनी बांधलेलं बळीराजा धरण. यांवर सभासद बोलायला लागले की थांबत नाहीत.

‘पण कुणीही काहीही लिहील’ हा आक्षेप मी हलका मानत नाही. आपल्याकडे गावाचा इतिहास म्हणजे मानापमानाचा विषय. पाटीलकी कुणाची, जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा, हुतात्म्यांच्या यादीत अमुक नाव का नाही, वाड्याचा खरा वारस कोण. यावरून पिढ्यान्‌पिढ्या बोलणं तुटलेली घरं आहेत. निवडणूक आली की एखाद्या नेत्याच्या नावाचं पान रातोरात आरतीसारखं होईल, आणि दुसऱ्या दिवशी विरोधक त्यावर वाट्टेल ते लिहितील. म्हणून काही नियम पहिल्या दिवसापासून हवेत. लिहिणारा सभासद असावा, त्याचं खातं त्याच्या खऱ्या नावानं असावं. वाचनालयाकडे सभासदांची नोंद असतेच, हा आपला विकिपीडियापेक्षा मोठा फायदा आहे. प्रत्येक विधानापुढे वाचनालयात असलेल्या कागदाचा आधार असावा, कपाट क्रमांकासह. जे केवळ ऐकीव किंवा आठवणीतलं आहे ते निराळ्या पानावर, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून. हयात व्यक्तींची चरित्रं नकोत, खासगी माहिती तर मुळीच नको. आणि वाद झाला की तो पानावर न खेळता चर्चापानावर खेळावा. बऱ्याच विकींत प्रत्येक पानामागे अशी चर्चेची जागा असते, नसेल तिथे ती जोडता येते.

एवढं केल्यावरही चुका होतील. पण छापील स्मरणिकेत चुकीचं साल पडलं की ते कायमचं. पुढची स्मरणिका त्यावरूनच उतरवली जाते आणि दहा वर्षांत तेच साल खरं होऊन बसतं. विकीत चूक दुरुस्त होते, आणि आधी काय लिहिलं होतं, कुणी, कधी बदललं हेही पानाच्या इतिहासात दिसत राहतं. कुणी रागानं सगळं पान पुसलं तरी ग्रंथपाल एका टिचकीत ते आधीच्या रूपात आणू शकतो. वादग्रस्त पानाला कुलूप घालता येतं. जबाबदारी ठरवायला याहून चांगली वही मला माहीत नाही. आपल्याच सातारा जिल्ह्यात भिलारला ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव सुरू झालं, तेव्हा पुस्तकं लोकांच्या घरांत, पडव्यांत ठेवण्याचा विश्वास दाखवला गेला. वाचकावर पुस्तकाच्या बाबतीत टाकलेला तो विश्वास लिहिण्याच्या बाबतीत टाकायला काय हरकत आहे?

विकिपीडिया असताना हा उपद्व्याप कशाला, असं तरुण मंडळी विचारतात. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे आणि तो भरभक्कम व्हावा असं मलाही वाटतं. पण तो ज्ञानकोश आहे. विषयाची उल्लेखनीयता आणि प्रकाशित संदर्भ ही त्याची अट रास्त आहे, आणि त्या अटीत आमच्या सहकारी संस्थेची स्मरणिका बसत नाही. वाईच्या मराठी विश्वकोशाचंही तसंच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली आला आणि विसाव्या खंडापर्यंत पोचायला जवळपास चार दशकं लागली. तज्ज्ञांकडून तपासून घेतलेल्या कामाला तेवढा वेळ लागतोच. आता तो संकेतस्थळावर आहे आणि त्यातल्या नोंदी अद्ययावत करण्यासाठी विषयवार ज्ञानमंडळं नेमली गेली. वाचनालयाचा विकी या दोन्हींच्या खालची पायरी सांभाळेल: आमच्या कपाटात काय आहे आणि आमच्या माणसांना काय ठाऊक आहे. तिथे नीट आकाराला आलेलं पान पुढे विकिपीडियाला संदर्भ पुरवू शकतं. ग्रंथपालांनी विकिपीडियावरच्या एखाद्या तरी लेखाला एक तरी संदर्भ जोडावा, अशी जागतिक मोहीम २०१६पासून दर वर्षी चालते. आपल्या वाचनालयांना तिच्यात भाग घ्यायला हा सोपा रस्ता होईल.

आणि व्हॉट्सॲप? जुन्या सांगलीच्या, जुन्या साताऱ्याच्या फोटोंचे गट जोरात चालतात. एक फोटो पडतो, तासाभरात त्यातली माणसं ओळखली जातात, वर्ष ठरतं, मागचा वाडा कुणाचा हे कळतं. फार मोलाचं काम तिथे फुकट होतं. आठवड्यानं तोच फोटो शोधायला जा, सापडत नाही. फोन बदलला की तेही गेलं. ही मंडळी जे करतात तेच त्यांनी वाचनालयाच्या पानावर करावं, एवढंच मागणं आहे.

हक्काचा प्रश्न मात्र जपायला हवा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या लेखनाचे हक्क राहतात, त्यामुळे १९८५चा गौरवग्रंथ स्कॅन करून विकीवर टाकता येणार नाही. त्याची गरजही नाही. अनुक्रमणिका, पानांचे क्रमांक, दोन ओळींची ओळख द्या. वाचक पुस्तकासाठी वाचनालयात येईल, आणि तो यावा हेच तर आपल्याला हवं आहे.

खर्चाबद्दल थोडक्यात. मीडियाविकी आणि डोकुविकी ही विकी चालवण्याची दोन्ही साधनं मोफत आहेत. लहान वाचनालयानं डोकुविकी घ्यावं. त्यातलं प्रत्येक पान साध्या मजकुराची फाइल असतं, वेगळा डेटाबेस लागत नाही, आणि सगळा विकी पेनड्राइव्हवर उतरवून घेता येतो. ग्रंथसूचीचं सॉफ्टवेअर, मग ते ई-ग्रंथालय असो की कोहा, जसंच्या तसं राहील. अडचण येईल ती जुन्या मजकुराची. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी म्हणून वाचता येईल अशा रूपात, आणल्याशिवाय शोधता येत नाही, तेव्हा लिखाण पहिल्यापासून युनिकोडमध्येच हवं. ज्येष्ठांना टाइप करणं जमत नसेल तर त्यांनी बोलावं, महाविद्यालयातल्या मुलांनी उतरवावं. आता फोनवर बोलून मराठी लिहिताही येतं.

खरी अडचण पैशाची आहे, पण ती सर्व्हरच्या पैशाची नाही. १९६७च्या कायद्यानं राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान मिळालं, त्यांचे अ, ब, क, ड वर्ग झाले. पण तिथला कर्मचारी अजून वेतनश्रेणीची मागणीच करतो आहे. ग्रंथपाल देवघेव पाहतो, दाखल नोंदी करतो, तपासणीचे तक्ते भरतो, व्याख्यानमालेला सतरंज्या घालतो. त्याच तुटपुंज्या पगारात ‘आता विकीही सांभाळा’ म्हणणं अन्याय आहे, आणि तसं केलं तर विकी सहा महिन्यांत बंद पडेल हेही नक्की. बदल तपासणं, नव्या सभासदाला शिकवणं, वाद मिटवणं हे काम आहे आणि कामाला वेळ लागतो. म्हणून वार्षिक सर्वसाधारण सभेत ठराव आणायचा तर त्यात ‘विकी सुरू करावा’ एवढंच लिहू नका. ग्रंथपालाच्या कामाच्या वेळेतले आठवड्याचे काही तास या कामाला तोडून दिले आहेत, त्या तासांसाठी देवघेवीला दुसरा माणूस बसेल, आणि वाढीव कामाचं मानधन व्याख्यानमालेच्या किंवा देणगीच्या निधीतून दिलं जाईल, असं आकड्यासकट लिहा. व्याख्यानमालेचं एक पुष्प कमी झालं तरी चालेल. जिल्हा ग्रंथालय संघांनी हाच खर्च अनुदानात धरावा म्हणून ग्रंथालय संचालनालयाकडे मागणी लावून धरावी. आणि पैसे मंजूर होईपर्यंत थांबायचं नसेल, तर दाखल नोंदवहीत ज्यांच्यापुढे फक्त ‘स्मरणिका, भेट’ असं लिहिलं आहे त्या सगळ्या बाहेर काढून त्यांच्या अनुक्रमणिका चढवायला सुरुवात करा. ते काम त्या निवृत्त होणाऱ्या बाई असेपर्यंतच नीट होईल.